जुन्या कॉम्प्युटरची तारीख आधी बघा

अँटिव्हायरसचा सेटअप निम्म्यावर येऊन थांबतो आणि ‘इन्स्टॉलेशन फेल्ड’ एवढीच ओळ दाखवतो. गंगाखेड, सेलू, औशाकडच्या झेरॉक्सच्या दुकानांत विंडोज ७ वर चालणारे कॉम्प्युटर अजून दिसतात, आणि त्यांच्यावर ही अडचण हमखास येते. मग लोक तीच फाइल पुन्हा पुन्हा डाउनलोड करतात, नाहीतर सरळ फॉरमॅट मारतात. त्याआधी स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यातली तारीख बघावी, साल धरून.

सेटअप फाइलवर ती बनवणाऱ्या कंपनीची डिजिटल सही असते. डिजिटल सातबाऱ्यावर असते त्याच जातीची. सहीमागच्या प्रमाणपत्राला मुदत असते, अमुक दिवसापासून तमुक दिवसापर्यंत. कॉम्प्युटरच्या घड्याळात १ जानेवारी २००९ असेल, तर त्याच्या लेखी ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही. सुरक्षित वेबसाइटही याच कारणाने उघडत नाहीत. त्यामुळे उरलेला भाग नेटवरून ओढून घेणारा छोटा सेटअप तर हमखास अडकतो.

घड्याळ मागे जातं ते मदरबोर्डवरच्या नाण्यासारख्या सेलमुळे. त्यावर सीआर २०३२ असं छापलेलं असतं: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. हा ३ व्होल्टचा सेल क्वार्ट्झच्या एका बारीक स्फटिकाला सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावत ठेवतो. हा आकडा पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर १ उरतो, आणि त्यावरून सेकंद मोजला जातो. वायर लावलेली आणि भिंतीवरच्या बोर्डाचं बटण चालू असेल, तर कॉम्प्युटर बंद असतानाही हे घड्याळ बहुधा मेन लाइनवर चालतं. आपल्याकडे व्होल्टेजच्या भीतीने संध्याकाळी बोर्डच बंद करतात, दिवसा लाइट जाते ती वेगळीच. तेवढा सगळा वेळ भार त्या सेलवर पडतो. बोर्ड बंद करू नका असं मी म्हणणार नाही, विजांच्या दिवसांत तर मुळीच नाही. सेल मात्र वेळेवर बदला.

घड्याळाच्या दुकानात तो सहज मिळतो. वायर काढा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या, जुना सेल काढून नवा अधिकची खूण वर ठेवून बसवा. मग बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, जाऊन तारीख भरा.

तारीख बरोबर असूनही सही नाकारली जात असेल, तर दोष सही तपासण्याच्या रीतीत असू शकतो. पूर्वी या सह्यांसाठी एसएचए-१ ही पद्धत वापरत. फाइल कितीही मोठी असो, ही पद्धत तिचा १६० बिटांचा ठसा काढते. २०१७ मध्ये गूगल आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेतल्या संशोधकांनी एकच ठसा देणाऱ्या दोन वेगळ्या पीडीएफ फाइल तयार करून दाखवल्या. अशा ठशावर विसंबणं धोक्याचं आहे हे उघड झालं; जग त्याआधीच एसएचए-२ या नव्या पद्धतीकडे वळू लागलं होतं. नवी सही नीट ओळखायला विंडोज ७ ला सर्व्हिस पॅक १ आणि २०१९ मधले दोन अपडेट लागतात: आधी केबी ४४९०६२८, मग केबी ४४७४४१९. दोन्ही मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगमधूनच घ्यावेत.

जुन्या अँटिव्हायरसचे अवशेषही आड येतात. प्रत्येक फाइल उघडताना मध्ये उभे राहणारे त्याचे ड्रायव्हर कंट्रोल पॅनेलमधून काढल्यावरही कधी कधी मागे राहतात. बऱ्याच कंपन्या त्यासाठी स्वतःचं सफाईचं टूल देतात. ते चालवून कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. ३२ बिटच्या विंडोजवर ६४ बिटचा सेटअप चालत नाही, हेही तपासा.

बाकी सगळ्या वेबसाइट उघडतात आणि नेमक्या अँटिव्हायरसवाल्यांच्याच उघडत नाहीत, तर व्हायरस आधीच आत आहे असं समजा. २००८ मधल्या कॉन्फिकर व्हायरसने हेच केलं होतं. अशा वेळी चांगल्या कॉम्प्युटरवर अँटिव्हायरसचा रेस्क्यू पेनड्राइव्ह तयार करून त्यावरून बूट करा, म्हणजे विंडोजऐवजी त्या पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू करा, आणि स्कॅन लावा. त्या विंडोजमध्ये बसून झगडण्यात अर्थ नाही.

विंडोज ७ ला सुरक्षा अपडेट देणं मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० ला सर्वसामान्य ग्राहकांसाठी थांबवलं. त्यामुळे अँटिव्हायरस बसला तरी अशा कॉम्प्युटरवर लोकांचे आधार आणि बँकेचे व्यवहार करू नयेत. टायपिंग आणि प्रिंटसाठी तो खुशाल वापरा, आणि गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह लावला की आधी स्कॅन करा.