पोट्टी खेळून कोनासंग राह्यली? : स्ट्रोक प्ले आणि मॅच प्ले

७ ऑगस्ट २०२१, शनिवार. झड लागली होती, वावरात पाय ठेवायची सोय नव्हती, म्हणून सकाळीच आमच्या टीव्हीसमोर सात-आठ जण येऊन बसले. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक पदकाच्या तोंडाशी आली होती आणि आमच्या गावानं जन्मात पहिल्यांदा गोल्फ पाहायला घेतला होता. अर्धा तास गुमान पाहिल्यावर मामांनी विचारलं, “काऊन बे, हे पोट्टी खेळून कोनासंग राह्यली? समोर त कोनीच दिसत नाई.”

“सगळ्यांसंग,” मी म्हणालो.

“सगळ्यांसंग म्हंजे कोनासंगच नाई,” मामा म्हणाले आणि चहा मागवला.

मामांना गोल्फचं ओ की ठो ठाऊक नव्हतं, पण प्रश्न नेमका होता. गोल्फ खेळायच्या दोन मुख्य पद्धती आहेत. मैदान तेच, काठ्या त्याच, चेंडू तोच. पण ‘कोणाशी खेळून राहिली’ याचं उत्तर दोन्हींत वेगळं आहे आणि त्यामुळे अवघड होलवर (होल म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागेपासून भोकापर्यंतचा एक टप्पा) कोणता फटका शहाणपणाचा, तेही बदलतं. टीव्हीवर अधूनमधून गोल्फ पाहणाऱ्यांचा गोंधळ इथेच होतो. एका रविवारी एखादा खेळाडू पाण्यावरून बेधडक मारतो आणि समालोचक वाहवा करतात, दुसऱ्या रविवारी तसाच फटका मारणाऱ्याला ते मूर्खात काढतात.

अदिती खेळत होती तो स्ट्रोक प्ले. चार दिवस, रोज १८ होल, म्हणजे ७२ होल. प्रत्येक होलला चेंडू भोकात जाईपर्यंत किती फटके लागले ते मोजायचे, सगळ्यांची बेरीज करायची, जिची बेरीज सगळ्यांत कमी ती जिंकली. पार म्हणजे त्या होलला चांगल्या खेळाडूला लागावेत असे ठरवून दिलेले फटके. तिथे ६० जणी होत्या. नेली कोर्डा पारपेक्षा १७ फटके कमी घेऊन पहिली आली, मोने इनामी आणि लिडिया को १६ कमी, अदिती १५ कमी. जागतिक क्रमवारीत २०० वी असलेली मुलगी एका फटक्यानं चौथी राहिली.

मॅच प्लेमध्ये ही बेरीजच नसते. समोर एक प्रतिस्पर्धी असतो आणि प्रत्येक होल ही स्वतंत्र कुस्ती असते. मला चार फटके लागले, तुला पाच, तर होल माझा. मला चार आणि तुला अकरा लागले तरी मला एकच होल मिळतो. दोघांना सारखे लागले तर होल बरोबरीत. उरलेल्या होलांपेक्षा आघाडी मोठी झाली की सामना तिथेच संपतो. म्हणून निकाल ‘३ आणि २’ असा लिहितात: तीन होलांची आघाडी, दोनच होल बाकी.

शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, पाहिलेल्या माणसाला हे समजवायला वेळ लागत नाही. एक जोडी एकटी सोडली आणि घड्याळात सेकंद मोजले, तर तिची शर्यत दिवसभरात धावलेल्या साऱ्या जोड्यांशी आहे, सकाळी धावून घरी गेलेल्यांशीसुद्धा. दोन जोड्या शेजारी-शेजारी सोडल्या की बाजूच्या बैलांच्या एक मुंडकं पुढे राहिलं तरी पुरे. मामांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “मंग आधी सांगाले काय झालतं?”

आता अवघड होलाकडे येऊ. इथे मला आमच्याच ‘कोर्स’चं उदाहरण द्यायचा मोह आवरत नाही. माझा मामेभाऊ दोन वर्षं पुण्याकडे कॅडी होता, म्हणजे खेळाडूंच्या काठ्यांची पिशवी वाहायची, अंतर सांगायचं, चेंडू शोधायचा. परत येताना तो तीन जुन्या काठ्या आणि पिशवीभर चेंडू घेऊन आला. हरभरा निघाल्यावर त्यानं पडीत वावरात पाच डबे पुरले. काळी माती, त्यात एप्रिलच्या भेगा. चेंडू भेगेत गेला की गेला, काडीनं कोरला तरी निघत नाही. तिसरा होल नाल्याचा. धुऱ्यावरून पहिला फटका मारायचा, चेंडू बाभळीच्या अलीकडे थांबतो, मग पुढे नाला आणि नाल्यापलीकडे डबा. पार आम्हीच ठरवला, पाच.

दुसऱ्या फटक्याला दोन रस्ते. एक, नाला ओलांडून थेट डब्याजवळ मारायचं. दोन, नाल्याच्या अलीकडे छोटा फटका टाकायचा आणि तिसऱ्याला आरामात पलीकडे जायचं. समजा, छोट्या फटक्याच्या रस्त्यानं मला दर वेळी पाचच लागतात. आणि थेट मारलं तर दहापैकी चार वेळा जमतं आणि चार फटक्यांत काम होतं, तीन वेळा कसंबसं पाच लागतात, तीन वेळा चेंडू नाल्यात जातो, दंडाचा एक फटका पडतो आणि सात होतात.

बेरीज करू. थेट मारण्याच्या दहा वेळांत सोळा, पंधरा आणि एकवीस मिळून ५२ फटके. छोट्या फटक्याच्या रस्त्यानं ५०. स्ट्रोक प्लेमध्ये प्रश्न मिटला, नाल्याच्या अलीकडे टाका.

आता तोच नाला, पण मॅच प्ले. समोरचा अलीकडे टाकणारा आहे, त्याला पाच लागणार. मी थेट मारलं तर चार वेळा मी होल जिंकेन, तीन वेळा बरोबरी, तीन वेळा हरेन. सात लागले काय आणि सहा लागले काय, हरण्याची किंमत एकच होल. म्हणजे दहा वेळांत मी एका होलनं पुढे. जो फटका एका हिशोबात वेडेपणा होता, तोच दुसऱ्यात फायद्याचा.

इथपर्यंत आलेला माणूस पटकन ठरवतो की मॅच प्ले म्हणजे बिनधास्त आणि स्ट्रोक प्ले म्हणजे जपून. हे अर्धंच खरं आहे आणि अर्ध्या खऱ्यानंच जास्त सामने जातात. कारण वरचं गणित समोरच्याला पाच लागणार, या एका वाक्यावर उभं आहे. त्याचा चेंडू नाल्यात गेला आणि आता त्याचे सहा-सात होणार हे दिसत असेल, तर नाल्यावरून मारण्यासारखा गाढवपणा नाही. अलीकडे टाका, पाच करा, होल घ्या. उलट त्यानंच थेट मारून चेंडू डब्याशेजारी ठेवला असेल आणि त्याचे चार पक्के असतील, तर तुमचं जपणं म्हणजे होल त्याच्या हातात देणं. मारा. माझ्या मते मॅच प्लेचा सल्ला विचारणाऱ्याला पहिलं उत्तर ‘धाडस कर’ हे नसावं, ‘त्याचा चेंडू कुठे आहे?’ हे असावं.

म्हणूनच आधी कोण मारणार याला मॅच प्लेमध्ये वजन आहे. भोकापासून ज्याचा चेंडू लांब, त्यानं आधी मारायचं. काही हुशार खेळाडू पहिल्याच फटक्याला मुद्दाम थोडं मागे राहतात, म्हणजे हिरवळीवर (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) आधी आपला फटका जाईल आणि तो चांगला बसला तर समोरच्याच्या छातीवर दडपण येईल. पाळी सोडून मारलं तर मॅच प्लेमध्ये समोरचा तो फटका रद्द करून पुन्हा मारायला लावू शकतो. स्ट्रोक प्लेमध्ये अशी मुभा नाही, उलट वेळ वाचत असेल तर जो तयार आहे त्यानं मारावं असंच सांगतात.

मोठ्या मैदानांवर हे सगळं ठसठशीत दिसतं. अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनलचा १२ वा होल फक्त १५५ यार्डांचा, पार तीन. समोर ओढा, मागेपुढे वाळूचे खड्डे, वर फिरता वारा. २०१६ मध्ये तिथल्या मास्टर्स स्पर्धेत जॉर्डन स्पीथ शेवटच्या दिवशी नऊ होल संपताना पाच फटक्यांनी पुढे होता. दहाव्या-अकराव्याला एकेक फटका गेला आणि बाराव्याला दोन चेंडू ओढ्यात घालून त्यानं सात घेतले. डॅनी विलेट जिंकला. मॅच प्लेमध्ये हाच प्रकार झाला असता तर तो एक होल हरला असता आणि तेराव्याकडे चालू लागला असता. त्याच्या आधीचं १९९९ चं ब्रिटिश ओपन, कार्नूस्टी. फ्रान्सचा ज्याँ व्हान द वेल्ड शेवटच्या होलवर तीन फटक्यांच्या आघाडीनं उभा होता. पार चार, सहा लागले तरी विजेता. त्यानं पहिल्या फटक्यापासून जोर लावला, चेंडू प्रेक्षकांच्या स्टँडला आदळून मागे आला, मग ओढ्यात गेला, शेवटी सात झाले. नंतर बरोबरी फोडायच्या प्लेऑफमध्ये तो हरला. तो मूर्ख नव्हता. पण त्या होलवर त्याला कोणाला हरवायचंच नव्हतं, नुसतं सहाच्या आत राहायचं होतं, आणि तो खेळला असा की जणू समोर कोणी उभं आहे.

मात्र स्ट्रोक प्लेच्या शेवटच्या दिवशी, शेवटच्या काही होलांवर, बेरजेचा खेळ हळूच कुस्तीसारखा होतो. २०१९ च्या मास्टर्समध्ये ऑगस्टाच्या त्याच बाराव्या होलवर फ्रान्चेस्को मोलिनारी दोन फटक्यांनी पुढे होता. त्याचा चेंडू ओढ्यात गेला. पाठोपाठ उभ्या असलेल्या टायगर वूड्सनं ते पाहिलं आणि उजवीकडच्या झेंड्याचा नाद सोडून डावीकडे, मोठ्या जागेवर चेंडू टाकला. कंटाळवाणा फटका. पार तीन केला, मोलिनारीचे पाच झाले, दोघे बरोबरीत आले आणि शेवटी विजेत्याचं हिरवं जॅकेट वूड्सनं घातलं. आपल्याकडची आठवण याच्या उलट बाजूची आहे. हांगचौ एशियाडमध्ये, १ ऑक्टोबर २०२३ ला, अदिती सात फटक्यांच्या आघाडीनं शेवटचा दिवस सुरू करून ७७ खेळली आणि रौप्यावर थांबली. मॅच प्लेमध्ये वाईट होल गाडून पुढे जाता येतं. बेरजेत तो शेवटपर्यंत खिशात राहतो.

मॅच प्लेचं सगळ्यांत मोठं व्यासपीठ रायडर कप. युरोप विरुद्ध अमेरिका, २८ सामने, त्यातले १२ शेवटच्या दिवशी एकास एक. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या मेडिनाला युरोप ६–१० असा मागे होता, रविवारी उलटला आणि १४½–१३½ नं जिंकला. इंग्लंडमधल्या बेल्फ्रीला रायडर कप झाला तेव्हा तिथला दहावा होल लोक आधीपासून धरून बसायचे. पार चार, पण एवढा आखूड की एकाच फटक्यात हिरवळ गाठता येते, फक्त मध्ये पाणी. स्पेनच्या सेव्ह बायेस्तेरोसनं १९७८ मध्ये ती गाठली आणि तेव्हापासून तो होल म्हणजे हिंमत विचारायची जागा झाली. असा होल मॅच प्लेसाठीच जन्माला आला असं मला वाटतं. स्ट्रोक प्लेमध्ये शहाणा माणूस तिथे छोटी काठी काढतो आणि प्रेक्षक जांभई देतात.

नियमांतही फरक आहेत, ते चटकन सांगतो. मॅच प्लेमध्ये बहुतेक गंभीर चुकांना शिक्षा म्हणजे तो होल गेला, स्ट्रोक प्लेमध्ये दोन फटके वाढतात. हिरवळीवरून मारलेला चेंडू हिरवळीवरच्या दुसऱ्या चेंडूला लागला तर स्ट्रोक प्लेमध्ये दोन फटक्यांचा दंड, मॅच प्लेमध्ये काहीच नाही. फेरीआधी त्याच दिवशी त्या मैदानावर सराव मॅच प्लेमध्ये चालतो, स्ट्रोक प्लेमध्ये नाही.

आणि सगळ्यांत मजेशीर, ‘देऊन टाकणं’. मॅच प्लेमध्ये समोरच्याचा चेंडू भोकाजवळ असला तर मी म्हणू शकतो, ‘धरला, उचल.’ तो फटका त्यानं मारल्यासारखा मोजतात. एकदा दिलं की परत घेता येत नाही आणि समोरच्याला नाकारताही येत नाही. १९६९ च्या रायडर कपमध्ये अमेरिकेच्या जॅक निक्लॉसनं शेवटच्या होलवर ब्रिटनच्या टोनी जॅकलिनचा दोन-तीन फुटांचा फटका असाच देऊन टाकला आणि रायडर कप (तेव्हा ३२ सामन्यांचा) पहिल्यांदा १६–१६ असा बरोबरीत सुटला. स्ट्रोक प्लेमध्ये हे औदार्य चालत नाही. चेंडू भोकात पडलाच पाहिजे, बोटभर राहिला तरी. न घालता पुढच्या होलला सुरुवात केली तर थेट बाद.

लोक याला दिलदारी समजतात. मामांनी ते हत्यार म्हणून उचललं. टीव्हीवरच्या त्या सकाळनंतरच्या उन्हाळ्यात ते आमच्या पाच डब्यांवर उतरले, हातात मामेभावाची सगळ्यात गंजलेली काठी. माझ्याशी सामना. पहिल्या डब्याला माझा चेंडू हातभर राहिला. “ऱ्हाऊ दे, उचल,” मामा म्हणाले. दुसऱ्याला वीतभर जास्त. “उचल ना बे, तुले काय येत नाई काय ते?” नाल्याच्या होलवर माझा चेंडू नाल्यात गेला, मामांनी दोनदा अलीकडेच टुकटुक केलं आणि होल घेतला. चौथा माझा. पाचव्याला बरोबरी होती. मामांचा चेंडू डब्यात गेला होता आणि माझा तेवढाच, हातभर, लांब. मी वाकून उचलायला गेलो.

“थांब,” मामा म्हणाले. “टाक ना. एवढुसं त आहे.”

दुपारभर मी एकही छोटा फटका मारलेला नव्हता. चेंडू डब्याच्या काठाला लागून भेगेत गेला.