अँटिग्वा प्रदक्षिणा (शिडाच्या नौकेने)

कॅरिबियन समुद्रातील लीवर्ड बेटांपैकी अँटिग्वाभोवती शिडाच्या नौकेने घालावयाची फेरी. अंतर सुमारे 50 सागरी मैल. शर्यतीतील नौका ते दिवसभरात कापतात. मुक्काम करीत जाणाऱ्यांनी चार-पाच दिवस हाताशी ठेवावेत. हंगाम डिसेंबर ते मे; जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ.

आरंभ बहुधा दक्षिणेकडील इंग्लिश हार्बरमधून होतो. तेथील ब्रिटिश नाविक गोदी 1889 मध्ये बंद झाली. 1949 च्या सुमारास मॉलीहॉक या स्कूनरमधून (शिडाच्या एका प्रकारच्या नौकेतून) आलेल्या निकल्सन कुटुंबाने तेथून पाहुण्यांना सफरी घडविण्यास सुरुवात केली; कॅरिबियनमधील या व्यवसायाचा उगम सामान्यतः तेथेच मानतात. नावाड्याविना नौका भाड्याने देण्याची रीत पुढे व्हर्जिन बेटांत रुजली, पण तीच खरी सुरुवात मानणे फारसे पटत नाही.

फेरी कोणत्या बाजूने घालावी याविषयी मतभेद आहेत. व्यापारी वारे पूर्वेकडून साधारण 15 ते 20 नॉट (सागरी मैल प्रतितास) वेगाने वाहतात. हिवाळ्यात ते ईशान्येकडे झुकतात व नाताळाच्या आसपास 25 नॉटच्याही वर जातात. अशा वेळी इंग्लिश हार्बरहून पूर्व किनाऱ्यावरील ग्रीन आयलंडकडे निघाल्यास वारा थेट तोंडावर येतो आणि महासागराच्या लाटा झेलत नागमोडी जावे लागते. म्हणून हिवाळ्यात घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जाणे श्रेयस्कर. वाऱ्याविरुद्धचा मोठा टप्पा मग उत्तरेच्या बून चॅनलमध्ये, प्रवाळखडकांच्या आडोशाला येतो. एप्रिल-मेमध्ये वारा आग्नेयेकडे वळला की उलटी फेरीही सुखाची होते.

पूर्व किनारा सर्वांत अवघड. इंजिन व शीड दोन्ही निकामी झाल्यास वारा नौकेला खडकांवरच नेतो, म्हणून किनाऱ्यापासून बरेच बाहेर राहावे. बोये (वाट दाखविणाऱ्या तरंगत्या खुणा) विरळ असल्याने वाट पाण्याच्या रंगावरून काढतात: गडद निळे म्हणजे खोल, फिकट हिरवे म्हणजे उथळ वाळू, तपकिरी म्हणजे प्रवाळ किंवा समुद्रगवत. सूर्य डोक्यावर किंवा पाठीशी असेल तरच हे रंग दिसतात. नॉनसच बेमध्ये शिरताना तोंड पश्चिमेला असते. उतरत्या उन्हात पाणी चकाकते आणि तपकिरी डाग दिसेनासे होतात. ईशान्येच्या ग्रेट बर्ड आयलंडच्या मुक्कामावरून पूर्वेकडे बाहेर पडताना सकाळी हीच अडचण. त्यामुळे दहाच्या सुमारास निघून एकच्या आसपास आत शिरावे. भरती-ओहोटीतील फरक अर्ध्या मीटरहूनही कमी, तेव्हा रुतलेली नौका पुढच्या भरतीने सुटेल असे धरून चालू नये.

नांगर वाळूतच टाकावा. गवतावर तो घसरतो. पाणी 4 मी. खोल व नाळेची (नौकेच्या पुढच्या टोकाची) पाण्यापासून उंची 1 मी. असल्यास दोहोंच्या बेरजेच्या पाचपट, म्हणजे 25 मी. साखळी सोडावी, जोरदार वाऱ्यात 35 मी. नंतर इंजिन उलटे चालवून ताण द्यावा आणि बुडी मारून नांगर रुतल्याची खात्री करावी.

अमेरिका खंडांप्रमाणे येथेही समुद्रातून बंदरात शिरताना लाल बोया उजव्या हाताला ठेवतात. मुंबईसह भारतात तो डाव्या हाताला असतो, हे तिकडून येणाऱ्या नाविकांनी ध्यानात ठेवावे.