ब्लेक्स सेव्हन मालिकेतील नायिका व खलनायिका

ब्लेक्स सेव्हन ही ब्रिटिश विज्ञानकथा मालिका बीबीसी वन या वाहिनीवरून २ जानेवारी १९७८ ते २१ डिसेंबर १९८१ या काळात प्रसारित झाली. तिची चार पर्वे असून प्रत्येक पर्वात १३ याप्रमाणे एकूण ५२ भाग आहेत. मालिकेची मूळ कल्पना टेरी नेशन यांची होती. पहिल्या पर्वाच्या सर्व पटकथा त्यांनीच लिहिल्या. पहिल्या तीन पर्वांची निर्मिती डेव्हिड मलोनी यांनी व चौथ्याची व्हिअर लॉरिमर यांनी केली, तर ख्रिस बाउचर चारही पर्वांचे पटकथा संपादक होते. दूरच्या भविष्यकाळात पृथ्वी आणि तिच्या असंख्य वसाहती फेडरेशन नावाच्या हुकूमशाही सत्तेखाली आहेत. खोटे आरोप ठेवून हद्दपार केलेला रॉज ब्लेक काही कैद्यांना हाताशी धरून लिबरेटर हे परग्रहीय यान ताब्यात घेतो आणि त्या सत्तेविरुद्ध लढा सुरू करतो, असे तिचे कथासूत्र आहे. या लढ्याच्या दोन्ही बाजूंना ठळक स्त्री-व्यक्तिरेखा आहेत. बंडखोरांच्या बाजूला जेना, कॅली, डेना आणि सूलिन या चार नायिका वेगवेगळ्या काळात येतात. सत्तेच्या बाजूला मात्र प्रामुख्याने एकच स्त्री आहे, आणि मालिकेचे नाव निघताच बहुतेकांना प्रथम तीच आठवते.

सर्व्हलान : फेडरेशनच्या सैन्याची सर्वोच्च सेनापती असलेली ही व्यक्तिरेखा जॅकलिन पिअर्स (१९४३–२०१८) यांनी साकारली. पहिल्या पर्वाच्या सहाव्या भागात ती प्रथम दिसते. ब्लेकच्या वाढत्या लौकिकाने अस्वस्थ झालेल्या राजकारण्यांची तक्रार ती शांतपणे ऐकून घेते आणि क्रूरपणाबद्दल कुप्रसिद्ध असलेल्या ट्रॅव्हिस या अधिकाऱ्याकडे ही कामगिरी सोपवते. स्वतःच्याच एका अधिकाऱ्याने घेतलेला नैतिक आक्षेप ती मोडीत काढते, पण त्यासाठी आवाज चढवत नाही. तोवर दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथांत लष्करप्रमुख म्हटला की गणवेशातील, करड्या आवाजाचा पुरुष हे जवळजवळ ठरूनच गेले होते. त्याजागी बारीक कापलेल्या केसांची, पांढऱ्या तलम पोशाखातील, हसतमुख स्त्री प्रेक्षकांसमोर आली. केसांचा तो आखूडपणा आणि पोशाखाचा तो डौल यांच्यातील विसंगतीतच या व्यक्तिरेखेची निम्मी जरब आहे. पुढे हा पांढरा रंग मागे पडून काळा रंग तिची ओळख बनला.

सत्तेवर आलेल्या समकालीन ब्रिटिश महिला नेत्याशी सर्व्हलानची तुलना करण्याचा मोह सहज होतो. मात्र मार्गारेट थॅचर मे १९७९ मध्ये पंतप्रधान झाल्या, त्याआधी वर्षभराहून अधिक काळ सर्व्हलान पडद्यावर वावरत होती.

ट्रॅव्हिस हा मालिकेतील रूढ पद्धतीचा खलनायक आहे. त्याला ब्लेकचा सूड हवा आहे आणि त्या एका ध्यासापायी तो पुन्हा पुन्हा तोंडघशी पडतो. सर्व्हलानला सूडात रस नाही. ब्लेक पकडला गेल्यास श्रेय तिचे, निसटल्यास दोष ट्रॅव्हिसचा, अशी व्यवस्था तिने आधीच लावून ठेवलेली असते आणि दुसऱ्या पर्वात ट्रॅव्हिसवर लष्करी खटला उभा राहतो तेव्हा ती व्यवस्था उघड होते. त्याच पर्वाच्या अखेरीस, अँड्रोमेडा दीर्घिकेतून आक्रमण होत असताना, ती सत्तापालट करून स्वतःलाच अध्यक्ष घोषित करते. तिचा उगम सांगणारे प्रसंग मालिकेत मोजकेच आहेत. ‘प्रेशर पॉइंट’ या भागातील बंडखोर नेत्या कसाबीने एकेकाळी छात्र असलेल्या सर्व्हलानचे प्रशिक्षण पाहिले होते आणि ती सेनापतिपदास अपात्र असल्याचा अहवाल दिला होता. तो अहवाल सर्व्हलान विसरलेली नसते.

या व्यक्तिरेखेला खोली मिळाली ती मुख्यतः तिसऱ्या पर्वात. ‘चिल्ड्रन ऑफ ऑरॉन’ या भागात कॅलीच्या ग्रहावर ती मुद्दाम रोगजंतू पसरवते. लिबरेटर हाती लागावे हा त्यामागील एक हेतू असतो, तर तेथील प्रगत केंद्रात स्वतःच्या पेशींपासून स्वतःची अपत्ये घडवून घ्यावीत हा दुसरा. जिंका नावाचा एक महत्त्वाकांक्षी दुय्यम अधिकारी तिला सांगतो की, वाढत असलेले भ्रूण तिचे नाहीतच, तिची फसवणूक झाली आहे. सर्व्हलान केंद्र उडवून देण्याचा हुकूम देते आणि स्फोट होतो त्याच क्षणी तिला उमगते की, ती तिचीच होती. त्यांचा मृत्यू तिला स्वतःच्या आत जाणवतो. संपूर्ण ग्रहाचा संहार ज्या चेहऱ्यावर रेषही उमटवत नाही, तोच चेहरा येथे कोसळताना दिसतो. खलनायिकेला मातृत्वाच्या वाटेने माणूस बनवणे ही तशी घासून गुळगुळीत झालेली युक्ती आहे. पण त्या अपत्यांना मारणारा हुकूम तिचा स्वतःचा आहे, त्यामुळे प्रसंग भावविवशतेकडे झुकत नाही.

‘रूमर्स ऑफ डेथ’ या भागात बंडखोरांनी तिला तळघराच्या भिंतीशी साखळदंडांनी जखडलेले असते. ब्लेकचा साथीदार एव्हॉन समोर येतो आणि एवढ्या हत्या करून शेवटी या भिंतीपर्यंतच पोहोचलीस का, अशा अर्थाचे तिला डिवचतो. ती उत्तरते की, भिंत फार जुनी आहे, ती वाट पाहते. तिथवर पोहोचण्याआधी तुला मरण येऊ नये. एव्हॉनसारख्या तिखट जिभेच्या माणसाला निरुत्तर करणारी पात्रे या मालिकेत अगदी थोडी आहेत. या दोघांमधील ओढ आणि अविश्वास यांची सुरुवात ‘आफ्टरमाथ’मध्ये झाली होती. तेथे ती त्याला सत्तेत वाटा देऊ करते; तो तिचे चुंबन घेतो, लगेच तिला ढकलून देतो आणि असा वाटा घेतला तर आपण आठवडाभरही जगणार नाही, हे ओळखून प्रस्ताव नाकारतो.

तिसऱ्या पर्वाअखेर लिबरेटर नष्ट होते आणि त्यासोबत सर्व्हलानही संपली असे वाटते. चौथ्या पर्वात ती कमिशनर स्लीअर या खोट्या नावाने परतते. सत्ता गेली आहे, ओळख लपवावी लागते आहे आणि तिला पूर्वी पाहिलेल्या माणसांना ती एकेक करून संपवते आहे, ही कल्पना उत्तम होती, परंतु पटकथांनी तिचा पुरेसा उपयोग करून घेतला नाही. अपवाद ‘सँड’चा. टॅनिथ ली यांनी लिहिलेल्या या भागात सर्व्हलान आणि बंडखोरांपैकी टॅरंट हा यानचालक एका निर्जन ग्रहावर अडकतात. अठराव्या वर्षी आपल्याला सोडून गेलेल्या प्रियकराबद्दल आणि त्यानंतर सत्तेनेच ती जागा घेतल्याबद्दल ती तेथे बोलते.

जेना स्टॅनिस : सॅली निव्हेट यांनी साकारलेली जेना ही तस्कर आणि कुशल यानचालक आहे. यानाला लिबरेटर हे नाव मिळते ते झेन या संगणकाने तिच्याच मनातून टिपल्यामुळे. सुरुवातीच्या भागांत ती स्वतंत्र बुद्धीची दिसते: ब्लेक सिग्नस अल्फा या ग्रहावर उतरला असताना एव्हॉन तिला यान घेऊन पसार होण्याची गळ घालतो, यानावरील संपत्तीचे आमिष दाखवतो, ती क्षणभर डळमळते आणि तरीही थांबते. दुसऱ्या पर्वापर्यंत हा डळमळीतपणा आणि त्यातून येणारे वजन दोन्ही नाहीसे झाले. पुरुष मोहिमेवर उतरणार आणि जेना किंवा कॅली माणसांना क्षणात यानावरून ग्रहावर पोहोचवणाऱ्या दूरप्रेषण यंत्राच्या कळांपाशी त्यांची वाट पाहत बसणार, हा साचा इतका रुळला की, तो मालिकेच्या चाहत्यांत थट्टेचा विषय झाला. व्यक्तिरेखेची वाढ खुंटल्याबद्दल निव्हेट यांनी नाराजी व्यक्त केली आणि दोन पर्वांनंतर त्या मालिकेतून बाहेर पडल्या. जेनाचा शेवट पडद्यावर दिसतच नाही. फेडरेशनची नाकेबंदी फोडताना तिने स्वतःचे यान उडवून दिले आणि सोबत शत्रूची निम्मी तुकडी नेली, एवढे ब्लेक शेवटच्या भागात ओझरते सांगतो. तिच्या वाट्याला आलेली सर्वांत मोठी कृती अशी दोन वाक्यांत उरकली जावी, हे बरेच काही सांगून जाते.

कॅली : ऑरॉन ग्रहावरील ही योद्धा जॅन चॅपल यांनी पहिल्या तीन पर्वांत साकारली. ‘टाइम स्क्वॉड’ या भागात ती प्रथम भेटते; सारे साथीदार गमावून एकटीच उरलेली कॅली फेडरेशनचे दळणवळण केंद्र उद्ध्वस्त करून त्यातच मरायला निघालेली असते. तिला टेलिपथी अवगत आहे, परंतु ती अर्धवट: माणसांच्या मनात ती आपला विचार पाठवू शकते, त्यांचे विचार वाचू शकत नाही. या मर्यादेतून तिच्या एकटेपणाची सुंदर कथा होऊ शकली असती. प्रत्यक्षात लेखकांनी तिच्या मनाचा उपयोग मुख्यतः परक्या शक्तींना आत शिरण्याचे दार म्हणून केला. ‘द वेब’, ‘शॅडो’, ‘सार्कोफेगस’ अशा अनेक भागांत कोणीतरी तिच्या मनाचा ताबा घेते. त्यांपैकी ‘सार्कोफेगस’ मात्र वेगळा आहे. मालिकेसाठी लिहिणाऱ्या एकमेव स्त्रीलेखिका टॅनिथ ली यांची ही पटकथा आणि फिओना कमिंग यांचे दिग्दर्शन लाभलेल्या या भागात कॅलीचे रूप घेणारी परग्रहवासी आणि कॅली यांचा संघर्ष प्रत्यक्षात कॅलीचा स्वतःच्या एकाकीपणाशी असलेला संघर्ष ठरतो. ‘चिल्ड्रन ऑफ ऑरॉन’मध्ये चॅपल यांनी कॅलीची जुळी बहीण झेल्डा हिचीही भूमिका केली. चौथ्या पर्वाच्या आरंभी कॅलीचा मृत्यू होतो आणि तोही पडद्याबाहेर. केवळ तिची अखेरची हाक ऐकू येते.

डेना मेलनबी : तिसऱ्या पर्वापासून जोझेट सायमन यांनी ही शस्त्रतज्ज्ञ तरुणी साकारली. नाट्यशिक्षण नुकतेच पूर्ण केलेल्या सायमन पुढे रॉयल शेक्सपिअर कंपनीत नावारूपाला आल्या. १९८० च्या ब्रिटिश दूरचित्रवाणीवर कृष्णवर्णीय अभिनेत्रीला नायिकेची भूमिका, आणि तीही तिच्या वर्णाचा गाजावाजा न करता मिळणे, ही दुर्मीळ गोष्ट होती. डेना धनुष्यबाण वापरते, लढाईचा उघड आनंद घेते आणि पहिल्याच भेटीत एव्हॉनचा जीव वाचवते. तिच्या अंध वडिलांना सर्व्हलान ठार मारते आणि डेना सूडाची प्रतिज्ञा करते. येथे मालिकेची अडचण झाली. सर्व्हलान लोकप्रिय असल्याने तिला मारणे शक्य नव्हते. परिणामी डेना समोर येते, शस्त्र रोखते आणि प्रत्येक वेळी काहीतरी आडवे येते.

सूलिन : ग्लिनिस बार्बर यांनी चौथ्या पर्वात केलेली ही नेमबाजाची भूमिका अल्पाक्षरी आहे. आईवडिलांच्या मारेकऱ्यांपैकी एकाकडूनच ती बंदूक चालवायला शिकली आणि मग त्या सर्वांना तिने संपवले, हा तिचा पूर्वेतिहास अगदी शेवटच्या भागात कळतो. तिचा सर्वोत्तम भाग ‘असॅसिन’ होय. त्यात पिरी नावाची रडवेली, भेदरलेली, सतत कोणाच्या तरी आधाराला बिलगणारी मुलगी यानावर येते आणि टॅरंट तिच्यावर भाळतो. सूलिनला ते रडणे खोटे वाटते. अखेर उघड होते की, ज्या भाडोत्री मारेकऱ्याच्या शोधात सारे आहेत तो पिरीच आहे. असहाय स्त्री हे पुरुषी कल्पनेतले चित्र शस्त्रासारखे वापरणारी खलनायिका आणि ते चित्र ओळखणारी नायिका असा हा सामना आहे. बार्बर यांनी याआधी पहिल्या पर्वातील ‘प्रोजेक्ट अॅव्हलॉन’ या भागात म्यूटॉइडची छोटी भूमिका केली होती.

म्यूटॉइड हे फेडरेशनने घडवलेले, स्मृती पुसलेले, रक्तद्रव्यावर जगणारे सैनिक असून पडद्यावर ते बहुधा स्त्रियाच आहेत. ‘ड्युएल’ या भागात ट्रॅव्हिस आपल्या सोबतच्या म्यूटॉइडला, ती पूर्वी कोण होती, तिचे नाव कीरा होते, ती सुंदर होती, हे सांगतो; तिला त्याचे काहीच वाटत नाही. त्याच भागात झाडावर बसून सकाळची वाट पाहणारी जेना आणि ही निर्विकार स्त्री समोरासमोर ठेवल्या आहेत. ‘रूमर्स ऑफ डेथ’मधील अॅना ग्रँटही येथे उल्लेखनीय आहे. एव्हॉन जिच्या मृत्यूचा सूड घ्यायला निघाला, ती त्याची प्रेयसी मुळात फेडरेशनची हेर निघते आणि त्याच्याच हातून मरते.

मालिकेवरील आक्षेपांत बेन स्टीड यांच्या तीन पटकथा नेहमी पुढे येतात. ‘द हार्व्हेस्ट ऑफ कैरॉस’मध्ये जार्विक नावाचा एक मजूर सर्व्हलानचे जबरदस्तीने चुंबन घेतो आणि एरवी अशा माणसाला तत्क्षणी मारणारी अध्यक्ष त्याच्यावर लुब्ध होते. ‘मोलॉक’मध्ये स्त्रियांवरील अत्याचार कथेला चव आणण्यापुरते येतात. ‘पॉवर’मध्ये स्त्रिया व पुरुष अशा दोन जमातींचे युद्ध दाखवून पुरुषाचे शारीरिक बळ हाच त्याचा निकाल ठरवला आहे. जार्विकचे प्रसंग आज पाहताना पिअर्स यांचा अभिनय पटकथेच्या विरुद्ध दिशेने चाललेला जाणवतो; शब्दांत शरणागती आहे, पण नजरेत बाजारात नवी वस्तू पारखणारीचे कुतूहल आहे.

मेरी रिज यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘ब्लेक’ या अखेरच्या भागात सर्व्हलान नाही. ब्लेकच्या तळावर बंडखोर म्हणून आलेली आर्लेन ही तरुणी आपण फेडरेशनची अधिकारी असल्याचे जाहीर करते आणि डेनाला गोळी घालते; त्यानंतरच्या चकमकीत सूलिनसह बाकीचेही कोसळतात. १९९० च्या दशकाच्या अखेरीस बीबीसी रेडिओ ४ ने या कथाविश्वावर दोन श्राव्यनाट्ये सादर केली. त्यांत डेना व सूलिन यांच्या भूमिका अनुक्रमे अँजेला ब्रूस आणि पॉला विल्कॉक्स यांना देण्यात आल्या. सर्व्हलानसाठी मात्र जॅकलिन पिअर्स यांनाच बोलावण्यात आले. बिग फिनिश या संस्थेने २०१२ पासून काढलेल्या श्राव्यनाट्यांत पिअर्स, निव्हेट आणि चॅपल या तिघींनी आपापल्या जुन्या भूमिका पुन्हा केल्या.