माइकला केसाळ टोपी कशी आली

पक्ष्याच्या आवाजाचं सगळ्यात जुनं म्हणून ओळखलं जाणारं रेकॉर्डिंग १८८९ सालचं. जर्मनीतल्या लुडविग कॉख या आठ वर्षांच्या मुलानं पिंजऱ्यातल्या शामा पक्ष्याचं गाणं एडिसनच्या फोनोग्राफवर, मेणाच्या नळकांड्यावर घेतलं. हा शामा आपल्या सह्याद्रीतही गातो. पिंजऱ्यासमोर यंत्र ठेवलं की झालं, वाऱ्याशी गाठ नव्हतीच. ती पडली १९२९ नंतर. त्या वर्षी अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या ॲलन आणि केलॉग यांनी बोलपटांची यंत्रणा थेट झाडांखाली नेली आणि माइक उघड्यावर आला.

वाऱ्यात रेकॉर्डिंग करताना माइकमध्ये घरघर येते, पण मुळात ती वाऱ्याच्या आवाजाची नसतेच. हवा माइकवर आपटते, भोवरे उठतात आणि माइकमधल्या, आवाज टिपणाऱ्या पातळ पडद्यावरचा दाब खालीवर होतो. साधं बोलणं हातभरावरून पडद्यावर जेमतेम ०.०२ पास्कल दाब आणतं. ताशी १८ किलोमीटरचा, म्हणजे अंगाला बरा वाटणारा वारा सुमारे १५ पास्कलनं ढकलतो. सातशे पटींहून जास्त! फोनच्या माइकवर हलकी फुंकर मारून रेकॉर्डिंग ऐका, लगेच पटेल.

त्यात माइक सुधारत गेले तसं दुखणं वाढलं. एका दिशेचंच ऐकणारे माइक दाबातला फरक टिपतात, त्यामुळे वाऱ्याला जास्त हळवे. १९३०च्या दशकातल्या रिबन माइकची ॲल्युमिनियमची पट्टी तर इतकी पातळ, की जोराच्या फुंकरीनंही ताणली जाई. १९३८ साली 'आरसीए रिव्ह्यू' या तांत्रिक नियतकालिकात फेल्प्स यांचा माइकच्या वारारोधकांवरचा लेख आला. युक्ती तेव्हाही तीच होती: माइकभोवती स्थिर हवेचा कप्पा ठेवायचा आणि वाऱ्याला लांबच अडवायचं. स्पंजची टोपी हे त्याचं स्वस्त रूप.

१९५८च्या नाग्रा-३ सारख्या खांद्यावरच्या टेपरेकॉर्डरनं चित्रीकरण मोकळ्यावर नेलं. इंग्लंडमध्ये १९६९ साली व्हिव्हियन डेव्हिस यांनी माइकची वारारोधकं बनवणारी राइकोट कंपनी काढली. तिच्या, माइकभोवती बसणाऱ्या जाळीच्या लांबट पिंजऱ्यावर चढणारं केसाळ आवरण ध्वनिमुद्रकांच्या बोलीत 'डेड कॅट', मेलेली मांजर. नाव भयंकर, पण काम चोख: केसांच्या रानात झोताचा जोर जिरतो, आवाज मात्र आत पोचतो.

आता फोन दोन माइकची तुलना करतो. बोलणं दोन्हींवर जवळजवळ सारखं येतं, भोवरे वेगवेगळे, म्हणून वारा ओळखू येतो. पण झोतानं माइकची मर्यादाच ओलांडली, तर त्या क्षणाचं बोलणं फाईलमध्ये उतरलेलंच नसतं.