ओएसएम पाठव म्हणजे नेमकं काय पाठवायचं?

साताऱ्यातल्या ट्रेकिंगच्या ग्रुपवर कुणी "त्या भागाचा ओएसएम आहे का?" असं विचारलं, की भूगोलाचे सर टोपोशीटची (डोंगर-उतार, ओढे, रस्ते दाखवणाऱ्या सरकारी नकाशाच्या पानाची) पीडीएफ टाकतात आणि कॉम्प्युटरवालं पोरगं एक लिंक टाकतं. दोघांचंही चुकत नाही. सर्व्हे ऑफ इंडियाच्या ओपन सिरीज मॅपला ओएसएम म्हणतात आणि ओपनस्ट्रीटमॅपलाही. दोन्ही फुकट मिळतात, दोन्हींवर अजिंक्यतारा आहे. पण देशाच्या सीमेवर पोचलात की दोघांच्या वाटा वेगळ्या होतात, आणि एक तुम्हाला कायद्याच्या कचाट्यात नेऊ शकते.

सरकारी ओएसएम आधी. सर्व्हे ऑफ इंडिया हे सरकारी नकाशे काढणारं १७६७ पासूनचं खातं, मुख्यालय डेहराडूनला. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानं टोपोशीटचे दोन संच केले: सैन्यासाठी डिफेन्स सिरीज, तुमच्याआमच्यासाठी ओपन सिरीज. त्या धोरणात ओपन सिरीजला संरक्षण मंत्रालयाची एकदाची मंजुरी लागायची, आणि लष्करी असोत वा नागरी, संवेदनशील ठिकाणं त्यात दाखवत नाहीत. तेव्हा शीटवर एखादी गोष्ट दिसली नाही म्हणजे ती जागेवरही नाही, असं धरून चालू नये. १:५०,००० च्या शीटवर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. ७४ अंश पूर्व रेखावृत्त साताऱ्याला अगदी खेटून जातं, त्यामुळे शहराच्या एका अंगाला एक शीट संपते नि दुसरी सुरू होते. कासला जायचं तर ४७ जी, कोरेगावला ४७ के. नव्या ओपन सिरीजचे क्रमांक निराळे आहेत, पण जुनी मंडळी अजून याच नावांनी शीट मागतात.

ओपनस्ट्रीटमॅप २००४ साली ब्रिटनमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी सुरू केला. तिथल्या सरकारी नकाशांची माहिती मोकळेपणानं वापरता येत नव्हती, म्हणून लोकांनीच नकाशा काढायचा ठरवलं. रस्ता, विहीर, देऊळ, पायवाट, जे माहीत असेल ते कुणीही भरावं. दुसऱ्याला चूक दिसली तर त्यानं सुधारावी.

आता सीमा. सांगलीकरांना हे काश्मीरपेक्षा जतवरून लवकर कळेल. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी जत तालुक्यातल्या चाळीसेक गावांवर दावा सांगितला. पाणी मिळत नाही म्हणून तिथल्या ग्रामपंचायतींनी पूर्वी केलेल्या ठरावांचा त्यांनी आधार घेतला. इकडे महाराष्ट्राचा बेळगावसह ८६५ गावांवर दावा आहे आणि २००४ पासून त्याची केस सर्वोच्च न्यायालयात आहे. एवढा गदारोळ झाला, पण नकाशावरची रेघ दोन्ही ओएसएममध्ये होती तिथंच राहिली. सरकारी नकाशात ती राहिली कारण कायद्यानं राज्याची हद्द बदललेली नाही. ओपनस्ट्रीटमॅपवर ती राहिली कारण तिथला नियम विचारतो की आज कारभार कुणाचा चालतो. गुड्डापूरला दानम्मादेवीच्या दर्शनाला कानडी भाविकांची कितीही गर्दी असो, सातबारा महाराष्ट्राचा निघतो. संपला विषय.

इथं दोन्ही उत्तरं जुळली, कारण जतमध्ये कायदा आणि कारभार एकाच बाजूला आहेत. अक्साई चीनमध्ये तसं नाही. भारताच्या अधिकृत नकाशात तो सुमारे ३८,००० चौरस किलोमीटरचा प्रदेश आपला आहे, ताबा चीनकडे आहे. ओपनस्ट्रीटमॅपवर एरवी दिसणारी सीमा ताब्याप्रमाणे जाते, पाकव्याप्त काश्मीरमध्ये नियंत्रण रेषेनं. हे पाहून आपल्याकडचा माणूस भडकतो, आणि ते समजण्यासारखं आहे. पण त्यानं तोच नकाशा पूर्वेला सरकवून अरुणाचल बघावा. चीनचा दावा असूनही तो अख्खा भारतात दिसतो, कारण नियम तोच आहे. मला यात भारतविरोध दिसत नाही, एक कोरडा हिशेब दिसतो. दाव्यांच्या रेघा माहितीसाठ्यात वेगळ्या नोंदवता येतात. त्यामुळे त्या माहितीवरून स्वतःचा नकाशा काढणारा भारताची अधिकृत हद्द ठळक करू शकतो. रशियानं युक्रेनकडून घेतलेल्या क्रिमियाच्या बाबतीत मात्र हा नियम ओपनस्ट्रीटमॅपवाल्यांनाही जड गेला. २०१८ मध्ये तो रशियात दाखवायचा निर्णय झाला आणि महिन्याभरात फिरवला गेला.

आपल्याकडच्या बंधनांचीही अशीच गल्लत होते. नकाशा करण्यावर बंदी आहे आणि सीमा चुकवण्यावर शिक्षा आहे, या दोन गोष्टी लोक एकच समजतात. पहिली आता बरीचशी उरलेली नाही. केंद्र सरकारच्या १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी मोजणी-नकाशासाठीच्या आगाऊ परवानग्या काढून टाकल्या. एक मीटरपेक्षा बारीक अचूकतेची माहिती भारतीय संस्थांनीच जमवावी आणि देशातच ठेवावी, अशी अट राहिली. मोबाइलचा जीपीएस काही मीटर इकडेतिकडे जातोच, म्हणजे सज्जनगडाची पायवाट नोंदवणाऱ्याला ती अट आडवी येत नाही. त्याआधी नकाशांच्या माहितीवर नियंत्रण आणणाऱ्या कायद्याचा २०१६ चा मसुदा फार कडक होता. देशाची सीमा चुकीची दाखवल्यास शंभर कोटींपर्यंत दंड, सात वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. त्याचा कायदा झालाच नाही.

दुसरी गोष्ट मात्र जागेवर आहे. १९६१ च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमात १९९० मध्ये घातलेल्या कलमानुसार, सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. शाळेच्या वार्षिकांकात, फ्लेक्सवर किंवा कंपनीच्या ब्रोशरवर अख्खा भारत छापायचा असेल, तर सीमा सर्व्हे ऑफ इंडियाचीच घ्या. ती फुकट उतरवून घेता येते. आत रस्ते-गावं ओपनस्ट्रीटमॅपची भरली तरी चालतील, फक्त कोपऱ्यात त्यांचं श्रेय लिहायचं.

नुसत्या सातारा जिल्ह्याच्या नकाशात देशाची सीमा येतच नाही, तेव्हा तिथं हा प्रश्नही येत नाही. आणि भांडण शेजाऱ्याशी बांधावरून असेल, तर दोन्ही ओएसएम बाजूला ठेवा. टोपोशीटवरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर पन्नास मीटर. त्यासाठी भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्जच करावा लागतो.