निविदोत्तर वाटाघाटी (पुणे)

निविदोत्तर वाटाघाटी : सार्वजनिक बांधकामाच्या निविदा उघडल्यावर सर्वांत कमी दराची निविदाही पूर्वगणनपत्रकातील (आधी काढलेल्या खर्चाच्या अंदाजातील) रकमेच्या वर गेली, तर त्या निविदाकाराला बोलावून दर उतरवून घेण्याची कार्यपद्धती. पुणे महानगरपालिकेत आणि सार्वजनिक बांधकाम खात्यात तिला ‘नेगोशिएशन’ म्हणतात. चढी निविदा ती ‘अबाव्ह’, उतरती ती ‘बिलो’ आणि सर्वांत कमी दराचा निविदाकार ‘एल-1’.

या पद्धतीचे मूळ पेशवाईतील मक्त्यात शोधले जाते. ‘मक्ता’ हा मूळचा अरबी शब्द आणि ‘मक्तेदार’ ही संज्ञा आजही ठेकेदाराला लावली जाते, हा त्याचा आधार. मात्र मक्ता मुख्यतः महसूल वा जकात वसुलीचा असे. तेथे सरकारला जास्तीत जास्त रक्कम हवी असे, बांधकामात ती कमीत कमी हवी असते. शिवाय आधी खर्चाचा अंदाज काढायचा आणि मग देकार (ठेकेदाराने भरलेली रक्कम) त्याच्याशी ताडायचा, ही कल्पना मक्त्यात ठळक नाही. ती 1854 च्या सुमारास उभ्या राहिलेल्या बांधकाम खात्याबरोबर रुजली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. त्याच वर्षी पुण्यात अभियांत्रिकीचा वर्ग सुरू झाला (आजचे सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ). खात्याला लागणारा कनिष्ठ अधिकारीवर्ग तयार करणे हा त्याचा हेतू होता. मोजमाप, दरपृथक्करण (साहित्य, मजुरी यांवरून बाबीचा दर काढणे) आणि पूर्वगणन ही या वर्गाची विद्या, आणि वाटाघाटींचा सारा डोलारा तिच्यावरच उभा आहे.

देकार कशाशी ताडायचा, हा यातील खरा तांत्रिक प्रश्न होय. पूर्वगणनपत्रक शासकीय दरसूचीवरून (कामाच्या बाबींच्या ठरवलेल्या दरांवरून) तयार होते. मंजुरी आणि निविदा यांत काळ गेला की सिमेंट, पोलाद व डांबराचे भाव पुढे सरकतात. समजा, 10 कोटींच्या कामाला 11.80 कोटींचा देकार आला. तो 18 टक्के चढा दिसतो. पण अद्ययावत दराने तेच काम 10.60 कोटींचे होत असेल, तर चढेपणा 11 टक्क्यांच्या आसपास उरतो. वाटाघाट व्हायला हवी ती या उरलेल्या फरकाची. जुन्या आकड्याला चिकटून ओढून आणलेला दर पुढे कामाच्या दर्जातून वसूल होण्याचा धोका असतो. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याची नियमपुस्तिका म्हणूनच बाजारभावावर काढलेल्या समर्थनीय रकमेशी तुलना करते. तिच्यापेक्षा 5 टक्क्यांपर्यंतचा फरक दुर्लक्षिता येतो, विशेष परिस्थितीत 10 टक्क्यांपर्यंत. तुलनेत वस्तू व सेवा कर दोन्ही बाजूंनी सारखाच धरावा लागतो. सरकारी व स्थानिक संस्थांच्या कामांवरील हा कर 18 जुलै 2022 पासून 12 वरून 18 टक्के झाला, तेव्हा ही खबरदारी विशेष गरजेची ठरली.

निविदेचा नमुनाही महत्त्वाचा. ‘बी-1’ मध्ये बाबींचे दर आधीच दिलेले असतात आणि ठेकेदार एकच टक्केवारी भरतो. तेथे घट सरळ मोजता येते. ‘बी-2’ मध्ये प्रत्येक बाबीचा दर ठेकेदाराचा. पुण्यात पायाची किंवा जलवाहिनीची खोदाई काळ्या बेसॉल्टात करावी लागते आणि कठीण खडक किती लागेल याचा अंदाज चुकू शकतो. ज्या बाबीचे परिमाण प्रत्यक्षात घटणार तिचा दर खाली आणला आणि खडकखोदाईचा तसाच चढा ठेवला, तर कागदावरची बचत अंतिम बिलात नाहीशी होते. म्हणून घट बाबनिहाय तपासणे अत्यावश्यक आहे. सशर्त सूट स्वीकारल्यास इतर निविदाकारांवर अन्याय होतो.

केंद्रीय दक्षता आयोगाने 18 नोव्हेंबर 1998 रोजी एल-1 वगळता इतरांशी वाटाघाटींना मनाई केली. 3 मार्च 2007 च्या परिपत्रकाने एल-1 शीही त्या अपवादानेच कराव्यात असे ठरवले : एकाधिकारातील वस्तू, मर्यादित पुरवठादार किंवा निविदाकारांची ‘रिंग’ (आपसांतील संगनमत) झाल्याचा संशय. ही परिपत्रके केंद्रीय संस्थांसाठी असल्याने खडकीतील संरक्षण खात्याच्या कामाला लागू होणारी शिस्त महापालिकेला थेट बंधनकारक नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 1992 च्या कामधेनू कॅटल फीड निवाड्याचा दाखला वाटाघाटींच्या समर्थनार्थ दिला जातो. पण तो भारतीय अन्न महामंडळाच्या विक्रीसंबंधी होता आणि त्यात वाटाघाटी सर्व निविदाकारांशी झाल्या होत्या. बांधकामाला तो जपूनच लावावा.

पुण्यातील मोठ्या प्रकल्पांत वाटाघाटींपेक्षा फेरनिविदेचा मार्ग अधिक ठळक दिसतो. समान पाणीपुरवठा योजनेसाठी महापालिकेने जून 2017 मध्ये 7.59 टक्के व्याजाचे 200 कोटींचे कर्जरोखे काढले; जलवाहिन्यांच्या चढ्या निविदा मात्र त्याच वर्षी रद्द झाल्या आणि त्या पुन्हा मागवाव्या लागल्या. उच्च क्षमता द्रुतगती मार्गाची (एचसीएमटीआर) 2019 मधील निविदा सुमारे 45 टक्के चढी आल्याने पुढे गेली नाही. जपानच्या ‘जायका’ संस्थेच्या कर्जातून होणारा मुळा-मुठा नदी प्रदूषण नियंत्रण प्रकल्प 990.26 कोटींचा मंजूर होता. चढ्या निविदा रद्द होऊन 11 मैलाशुद्धीकरण केंद्रांचे काम अखेर एकत्रितपणे दिले गेले, तेव्हा खर्च 1,470 कोटींच्या पुढे गेला होता. फेरनिविदा स्वस्तच पडते असे नाही, हे या उदाहरणावरून दिसते. जागतिक बँकेच्या जुन्या खरेदी नियमांत तिसरा मार्गही होता : कामाची व्याप्ती किंवा जोखमीची वाटणी बदलून त्या प्रमाणात किंमत कमी करणे.

महापालिकेत वाटाघाटीअंती ठरलेला दर आयुक्तांच्या प्रस्तावाने स्थायी समितीपुढे जातो. ठराविक रकमेवरील कामांना तिची मान्यता लागते. मार्च 2022 मध्ये लोकनियुक्त सभागृहाची मुदत संपली आणि प्रशासक म्हणून समितीचे अधिकार आयुक्तांकडेच आले. प्रशासकाच्या त्या काळात प्रस्ताव आणि मान्यता एकाच पदाच्या सहीने होत असे.