दोन-तीन इंजिनांचं मिळून एक झालेलं आउटबोर्ड: दुरुस्तीला देण्यापूर्वी

कव्हरवर एक आकडा, बोटीला अडकवायच्या ब्रॅकेटवरच्या पट्टीवर दुसरंच मॉडेल आणि आत ब्लॉक (सिलिंडर असलेला मुख्य भाग) भलताच. वापरलेलं आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून बसवायचं इंजिन, घेतलेले कितीतरी ग्राहक असं इंजिन घेऊन आमच्याकडे येतात आणि आपण फसलो, असं म्हणतात. दर वेळी तसं नसतं. एकाचा ब्लॉक जातो, दुसऱ्याचा गिअरबॉक्स खडकावर आपटून फुटतो, आणि कुणीतरी दोन्हींतलं चांगलं तेवढं एकत्र बसवतं. नीट जुळवलेलं असं इंजिन वर्षानुवर्षं चालतं. मात्र त्याचं काम नेहमीच्या ओव्हरहॉलसारखं करून भागत नाही.

आधी ओळख, मग पान्हा

ब्रॅकेटवरची पट्टी फक्त ब्रॅकेटची ओळख सांगते. त्या नंबरवर पिस्टन-रिंगा मागवल्या तर त्या बहुधा परत पाठवाव्या लागतात. म्हणून ब्लॉक, मधला पाय (ब्लॉक आणि गिअरबॉक्स यांना जोडणारा उभा भाग) आणि गिअरबॉक्स या तिघांची ओळख आम्ही वेगवेगळी पटवतो. जॉन्सन आणि एव्हिनरूडच्या बऱ्याच इंजिनांत ब्लॉकवरच्या गोल टोपणावर मॉडेल नंबर ठोकलेला असतो. रंगाचे थर खरवडले की तो दिसतो. नंबर मिळाला नाही, तर बोअर (सिलिंडरचा व्यास), स्ट्रोक (पिस्टनची धाव) आणि शाफ्टचे दाते मोजून शोध घ्यावा लागतो.

कव्हरवरच्या हॉर्सपॉवरवर तर मुळीच जाऊ नका. याच दोन कंपन्यांच्या काही ९.९ आणि १५ हॉर्सपॉवरच्या इंजिनांचा ब्लॉक एकच आहे, मुख्य फरक कार्बोरेटरचा. कार्बोरेटर बदललेला असेल तर कव्हर काहीही म्हणो, इंजिन दुसरंच असतं.

जुळणी कुठे चुकते

सर्वांत आधी शाफ्ट, म्हणजे ब्लॉकमधल्या क्रँकची फिरकी गिअरबॉक्सपर्यंत नेणारा उभा दांडा. पायाची लांबी साधारणपणे १५, २० किंवा २५ इंच असते. पाय एका लांबीचा आणि शाफ्ट दुसऱ्या मॉडेलचा असेल, तर शाफ्ट जेमतेम काही मिलिमीटर कमी पडतो. त्याचे दाते क्रँकमध्ये अर्धेच बसतात, इंजिन चालू होतं, पाण्यावर जातं आणि जोर पडला की दाते साफ झिजतात. शाफ्ट लांब असेल तर तो क्रँकला खालून रेटत राहतो आणि बेअरिंगं खातो. ही चूक बाहेरून दिसत नाही, म्हणून गिअरबॉक्स उतरवून मोजमाप घेतल्याशिवाय आम्ही पुढे जात नाही.

दुसरी जागा गॅस्केट, म्हणजे दोन भागांमध्ये गळती थांबवायला बसवलेलं पान. दोन सिलिंडरचं एक इंजिन आमच्याकडे आलं होतं. खालचा पिस्टन स्वच्छ, वरच्यावर उभे ओरखडे. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचा इम्पेलर (आतलं रबरी चक्र) नवा, मागून पाण्याची धारही जोरात. हेड उघडून जुनी गॅस्केट ब्लॉकच्या तोंडावर धरली, तेव्हा वरच्या बाजूला पाण्याच्या वाटेवर भोकच नव्हतं. गॅस्केट दुसऱ्या मॉडेलची होती. बोल्टची भोकं तेवढी जुळली, म्हणून बसवून टाकली होती. धार येते म्हणजे इंजिन थंड आहे, असं समजू नका. काही इंजिनांत ती धार पाणी सिलिंडरभोवती फिरण्याआधीच काढलेली असते. तेव्हापासून प्रत्येक नवी गॅस्केटही आम्ही आधी ब्लॉकवर ठेवून भोकाला भोक लावून पाहतो.

फ्लायव्हीलचं तसंच. वेगळ्या मॉडेलचं फ्लायव्हील (क्रँकवरचं जड चाक) क्रँकच्या त्याच निमुळत्या टोकावर घट्ट बसू शकतं, पण आतल्या चुंबकांची जागा वेगळी असली की ठिणगी भलत्या वेळी पडते.

गिअरबॉक्सचं रेशो (इंजिनाच्या आणि पंख्याच्या फेऱ्यांचं प्रमाण) बदललं असेल तर पाण्यातला पंखाही (प्रोपेलर) बदलावा लागतो. पूर्ण थ्रॉटलला इंजिनाचे फेरे ब्लॉकच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या मर्यादेत आले पाहिजेत. पंख्याची पिच (एका फेऱ्यात तो तत्त्वतः जितका पुढे सरकेल ते अंतर) एक इंचानं कमी केली की मिनिटाला साधारण १५० ते २०० फेरे वाढतात, त्या हिशेबानं पंखा निवडता येतो.

आम्ही कधी नको म्हणतो

सिलिंडरांच्या कॉम्प्रेशनमध्ये (आत तयार होणाऱ्या दाबात) १० टक्क्यांहून जास्त फरक असेल तर आधी कारण शोधतो. रिंगा बदलून भागतं का, की सिलिंडर कापून मोठा (बोअर) करायला हवा, हे त्यानंतर ठरतं. गिअरबॉक्सचं तेल दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय. सील बदलून, हवेच्या दाबानं तपासून तो वाचवता येतो. पण ब्लॉकला तडा असेल, किंवा मिठाच्या पाण्यानं ॲल्युमिनियम इतकं खाल्लेलं असेल की बोल्टसोबत आटेच बाहेर येतात, तर आम्ही काम घेत नाही. अशा ब्लॉकवर तुमचे पैसे घालणं आम्हाला पटत नाही.

आणताना आणि नेल्यावर

इंजिनासोबत आलेला प्रत्येक सुटा भाग आणा, मोडका असला तरी. तुटलेल्या वॉशरवरूनही कधीकधी मूळ मॉडेल कळतं. आणण्याआधी ‘चालतंय का बघू’ म्हणून कोरडं चालवू नका. रबरी इम्पेलर पाण्याशिवाय मिनिटभरातही जळतो.

काम झाल्यावर तिन्ही भागांची खरी ओळख लिहिलेलं कार्ड आम्ही कव्हरच्या आत चिकटवून देतो. पुढचा सुटा भाग घेताना ब्रॅकेटवरची पट्टी नको, ते कार्ड दाखवा. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन-रिंगा नव्या असतील तर पहिले १० तास सलग पूर्ण थ्रॉटल देऊ नका, आणि ५०:१ च्या (५० भाग पेट्रोलला १ भाग तेल) इंजिनात तेवढे तास २५:१ तेल घाला. त्यानंतर हेडचे बोल्ट पुन्हा तपासायला इंजिन एकदा घेऊन या.